पाय मुरगळला, कंबर धरली, मनगट दुखतंय... फिजिओथेरपी नेमकं काय करते?

सोलापुरात दुखण्याला शब्दांची कमी नाही. यंत्रमागावर दिवसभर उभं राहून कंबरेत उसण भरते. विड्या वळणाऱ्या बाईचा अंगठा ठणकतो. वारीत चालताना पिंढरीत गोळा येतो, घोटा मुरगळतो. पन्नाशीत खांदा धरतो.

यावरचे उपायही ठरलेले आहेत. मलम चोळायचं, मेडिकलमधून गोळी आणायची, नाहीतर चोळून देणाऱ्याकडे जायचं. तेवढ्यानं भागलं नाही की कुणीतरी सांगतं, "दहा दिवस लाइट घेऊन ये, बरं वाटेल."

फिजिओथेरपी म्हणजे 'लाइट घेणं' किंवा 'करंट लावणं' असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. खरं तर मशीन हा त्यातला लहान भाग आहे. दुखावलेल्या भागावर हळूहळू, मोजूनमापून पुन्हा भार टाकायचा आणि त्याला कामासाठी तयार करायचं, हे तिचं मुख्य काम. जिथं हात-पाय चालले तरच रोजची मजुरी मिळते, तिथं हा फरक समजणं फार गरजेचं आहे.

फिजिओथेरपी कुठून आली?

भारतात तिची सुरुवात पोलिओमुळे झाली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर, केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. देशातली ही पहिली संस्था. लुळ्या पडलेल्या पायांना पुन्हा उभं करणं हे तेव्हाचं काम होतं. 1955 मध्ये फिजिओथेरपिस्टांची देशपातळीवरची संघटना झाली. 2021 मध्ये केंद्र सरकारनं आरोग्याशी संबंधित पूरक व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात फिजिओथेरपीचाही समावेश आहे.

सरकारी कागदावर तुम्हाला 'भौतिकोपचार' हा शब्द दिसेल. तो याच विषयाचा.

आत नेमकं काय दुखावतं?

'नस चढली', 'शीर आखडली' असं आपण सरसकट म्हणतो. पण आत वेगवेगळ्या गोष्टी दुखावतात आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात.

- स्नायू: हालचाल घडवणारं मांस. अचानक जोर लागला की त्याचे धागे ताणले जातात किंवा तुटतात. मांडीचा मागचा भाग, पिंढरी आणि कंबर इथं हे जास्त होतं.
- लिगामेंट: हाडाला हाडाशी बांधणारी पट्टी. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणली जाते.
- टेंडन: स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. एकच हालचाल हजारो वेळा केली की ती कुरकुरायला लागते. कोपराच्या बाहेरची कळ, अंगठ्याच्या मुळाशी दुखणं, टाचेच्या मागचं दुखणं ही तिचीच उदाहरणं.
- सांध्याचं आवरण: खांदा 'धरतो' तेव्हा सांध्याभोवतीची पिशवी जाड आणि घट्ट झालेली असते. मधुमेह असलेल्यांना हा त्रास इतरांपेक्षा बराच जास्त होतो.
- मज्जातंतू: मुंग्या येणं, बधिरपणा, कंबरेतून पायात जाणारी कळ हा मज्जातंतूवर दाब असल्याचा इशारा असू शकतो.

जखम भरते कशी?

वरून दिसत नसली तरी मुरगळणं ही आतली जखमच असते. ती साधारण तीन टप्प्यांत भरते.

पहिला टप्पा सुजेचा. तो काही दिवस चालतो. सूज आपल्याला नकोशी वाटते, पण तीच दुरुस्तीची सुरुवात असते.

दुसरा टप्पा डागडुजीचा. यात काही आठवडे जातात. शरीर तुटलेल्या जागी नवे धागे टाकतं. हे धागे घाईत टाकलेले, आडवेतिडवे आणि कच्चे असतात.

तिसरा टप्पा मजबुतीचा. तो काही महिने, कधी वर्षभरही चालतो. ज्या दिशेनं ताण पडेल त्या दिशेनं धागे सरळ होतात आणि घट्ट बसतात.

सोलापूरकराला हे सहज समजेल. ताणा सैल असेल तर कापड नीट विणलं जात नाही आणि फार ताणला तर धागा तुटतो. शरीराचंही तसंच आहे. अजिबात ताण दिला नाही तर नवा भाग कच्चाच राहतो आणि पहिल्याच आठवड्यात फार ताण दिला तर पुन्हा तुटतो. योग्य वेळी योग्य ताण कसा द्यायचा, हेच फिजिओथेरपिस्ट ठरवतो.

म्हणून 'महिनाभर पूर्ण आराम' हा सल्ला बहुतेक साध्या दुखापतींत चुकीचा ठरतो. दुखणं थांबतं, पण तोवर स्नायू बारीक होतो आणि सांधा आखडतो. मग कामावर परतल्यावर आठ दिवसांत तेच दुखणं पुन्हा सुरू होतं.

पहिले तीन दिवस काय करावं?

अमेरिकन क्रीडावैद्यक डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये चार गोष्टींचं सूत्र मांडलं: आराम, बर्फ, दाबपट्टी आणि भाग उंच ठेवणं. ते जगभर पाठ झालं. पुढे मर्किन यांनी स्वतःच सांगितलं की पूर्ण आराम आणि जास्त बर्फ यामुळे भरून येण्याला उशीर होऊ शकतो. 2019 मध्ये कॅनडातल्या दोन फिजिओथेरपिस्टांनी नवं सूत्र मांडलं. त्यात सुरुवातीचे एक ते तीन दिवस जपणं आणि नंतर भार, हालचाल व व्यायाम वाढवत नेणं यावर भर आहे.

घरी एवढं करता येईल:

- पहिले एक-दोन दिवस दुखावलेल्या भागावरचा भार कमी करा. पण बाकीचं शरीर हलतं ठेवा.
- क्रेप बँडेज बांधा. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सैल करा.
- झोपताना पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच ठेवा.
- ठणका जास्त असेल तर बर्फ कापडात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं लावा. त्वचेवर थेट बर्फ ठेवू नका. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर बर्फ आणि शेक दोन्ही टाळा.
- ताज्या सुजेवर गरम शेक देऊ नका.
- ताज्या दुखापतीवर चोळू नका.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात जास्त मोडला जातो. पाय मुरगळला की तेल लावून जोरात चोळायचं आणि 'सांधा बसवून' घ्यायचा, ही जुनी सवय आहे. त्यामुळे आतला रक्तस्राव वाढू शकतो. आत फ्रॅक्चर असेल तर नुकसान आणखी मोठं होतं. हळद-चुन्याच्या गरम लेपानं त्वचा भाजण्याचीही भीती असते.

एक्स-रे काढावाच लागतो का?

प्रत्येक मुरगळीला नाही. 1992 मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी यासाठी सोपे नियम बनवले. आज ते जगभर वापरले जातात. घोट्याजवळ किंवा पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल आणि पुढीलपैकी काही असेल तर एक्स-रे काढावा:

- दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यात पोहोचल्यावरही चार पावलं टाकता येत नसतील.
- घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर, दाबल्यावर दुखत असेल.
- पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या हाडाच्या मुळाशी, दाबल्यावर दुखत असेल.
- पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर, दाबल्यावर दुखत असेल.

यातलं काहीच नसेल तर मोठ्या माणसांत फ्रॅक्चरची शक्यता फार कमी असते. लहान मुलं, फार वयस्कर माणसं आणि पायाची जाणीव कमी झालेले मधुमेही यांच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.

फिजिओथेरपिस्टकडे काय काय होतं?

पहिल्या भेटीत मशीन लागण्याआधी तपासणी व्हायला हवी. कधी लागलं, कसं लागलं, काम काय करता, दिवसात किती तास उभे असता, कोणत्या हालचालीला दुखतं, हे सगळं विचारलं जातं. सांधा किती वळतो आणि स्नायूत ताकद किती आहे, हेही पाहिलं जातं. मग उपचार ठरतात.

व्यायाम: हा कणा आहे. आधी सांधा हलवण्याचे, मग ताकदीचे, मग तोल सांभाळण्याचे आणि शेवटी तुमच्या कामासारख्या हालचालींचे व्यायाम दिले जातात. टेंडनच्या बाबतीत याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. स्वीडनचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये टाचेच्या मागच्या टेंडनचं जुनं दुखणं असलेल्या 15 धावपटूंना 12 आठवडे एकच प्रकारचा व्यायाम दिला: पायरीवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, तीही वजन वाढवत. सगळे पुन्हा धावू लागले. आराम करून जे जमलं नव्हतं, ते भार देऊन जमलं.

हातानं केलेले उपचार: सांध्याला विशिष्ट दिशेनं हलवणं, आखडलेला स्नायू मोकळा करणं. यानं दुखणं कमी होतं आणि हालचाल सुटते. त्या मोकळ्या वेळात व्यायाम केला तरच फायदा टिकतो.

टेन्स आणि आयएफटी: हेच लोकांचं 'करंट'. यातला सौम्य प्रवाह दुखण्याचे संदेश मेंदूकडे जाताना काही काळ अडवतो, असं मानलं जातं. तात्पुरता आराम मिळतो. तुटलेला धागा यानं जोडला जात नाही.

शेक: गरम पॅड, मेणाचा शेक किंवा डायथर्मी मशीन. जुन्या, आखडलेल्या दुखण्यात बरं वाटतं. शरीरात पेसमेकर असेल तर करंट किंवा डायथर्मी लावण्याआधी नक्की सांगा. गरोदर असाल तरीही सांगा.

अल्ट्रासाउंड: जेल लावून फिरवतात ते छोटं यंत्र. ते सर्रास वापरलं जातं, पण घोट्याच्या मुरगळीत त्याचा फारसा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही.

टेपिंग आणि पट्टा: परत मुरगळू नये म्हणून काही आठवडे आधार देण्यासाठी. कंबरेचा पट्टा वर्षानुवर्षं बांधणं मात्र योग्य नाही.

दहा दिवस जाऊन फक्त मशीनखाली झोपून परत येत असाल आणि एकही व्यायाम शिकवला गेला नसेल, तर उपचार अर्धवट आहेत असं समजा.

व्यायाम करताना दुखलं तर?

थोडं दुखणं चालतं. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायामात दुखणं तीन-चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत झालं, तर भार बरोबर आहे. सकाळी दुखणं किंवा सूज वाढलेली असेल तर कालचा भार जास्त झाला. व्यायाम बंद करू नका, कमी करा.

सोलापुरातली तीन दुखणी

*यंत्रमागावरची कंबर*

चादर आणि टॉवेलच्या कारखान्यात कामगार कडक फरशीवर उभा असतो. तुटलेला धागा जोडायला मागावर वाकायचं, कांडी बदलायची, मधूनच जड बीम उचलायचा. कंबर धरली की तो दोन टोकांपैकी एक निवडतो: गोळी खाऊन तसंच काम करतो, नाहीतर पंधरा दिवस आडवा होतो.

दोन्ही चूक आहेत. साध्या कंबरदुखीत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणाला खिळून राहण्याचा फायदा होत नाही. चालत राहणारी माणसं लवकर सावरतात. बहुतेक वेळा काही आठवड्यांत आराम पडतो आणि लगेच एमआरआयची गरज नसते. फिजिओथेरपिस्ट कंबर न वाकवता मांडीतून वाकायला शिकवतो, पोट आणि पाठीचे स्नायू बळकट करतो. कामावर एक पाय आलटून-पालटून लहान पाटावर ठेवणं, पायाखाली रबरी चटई टाकणं आणि बीम दोघांनी उचलणं यानंही फरक पडतो.

*विडी वळणारा हात*

पूर्व सोलापुरातल्या हजारो घरांत बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. प्रत्येक विडीला अंगठा आणि मनगट त्याच हालचाली करतात, मान खालीच असते.

अशा कामात अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या टेंडनच्या आवरणाला सूज येऊ शकते. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटात मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता असते. इथं 'महिनाभर काम बंद' म्हणणं सोपं आहे, पण त्या बाईला ते परवडत नाही. म्हणून उपचार कामात बसवावे लागतात. रात्री अंगठ्याला आधार देणारा पट्टा, कात्रीला धार लावून घेणं म्हणजे जोर कमी लागतो, सलग पानं कापून मग सलग वळण्याऐवजी दोन्ही कामं आलटून-पालटून करणं, पाठ भिंतीला टेकवून सुपाखाली उशी घेणं. दर अर्ध्या तासानं उठून मान, खांदे आणि बोटं दोन मिनिटं हलवली तर दिवसाच्या विड्या फारशा कमी होत नाहीत. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टर इंजेक्शन किंवा छोट्या शस्त्रक्रियेचा विचार करतात.

*वारीतला पाय*

आषाढीला आळंदीहून निघालेली पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी करत पंढरपूरला पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरची चाल. वर्षभर फारसं न चाललेला माणूस एकदम रोज वीस किलोमीटर चालायला लागतो, तेव्हा टाच, पिंढरी आणि गुडघा तक्रार करणारच.

मुक्कामावर पाय चेपून देणारे सेवेकरी भेटतात. दमलेल्या पिंढरीला हलक्या हातानं चोळणं चांगलंच. पण मुरगळलेल्या, सुजलेल्या घोट्याला चोळून घेऊ नका. हा फरक लक्षात ठेवला तरी बरंच काही वाचेल. वारीच्या आधी दीड-दोन महिने चालणं वाढवत न्या आणि भिंतीला धरून टाचा उचलण्याचा व्यायाम करा. नवी चप्पल वारीत पहिल्यांदा घालू नका.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

- हलकी मुरगळ किंवा स्नायूचा हलका ताण: एक ते तीन आठवडे.
- मध्यम दुखापत: साधारण तीन ते सहा आठवडे, कधी जास्त.
- लिगामेंट किंवा स्नायू पूर्ण तुटला असेल: काही महिने, कधी शस्त्रक्रिया.
- टेंडनचं जुनं दुखणं: व्यायामाला किमान तीन महिने द्या.
- धरलेला खांदा: अनेकदा एक वर्षाहून जास्त.

दुखणं थांबलं म्हणजे भाग बरा झाला असं नाही. दुखऱ्या पायावर एकट्यानं उभं राहून चांगल्या पायाइतका तोल सांभाळता येतो का, तेवढ्याच वेळा टाच उचलता येते का, हे पाहा. येत नसेल तर व्यायाम अजून संपलेले नाहीत.

थेट डॉक्टरांकडे कधी जावं?

- कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचं नियंत्रण गेलं किंवा जांघेचा भाग बधिर झाला. यात तासांचा प्रश्न असतो.
- हाता-पायाची ताकद कमी होत चालली आहे.
- सांधा जागेवरून सरकलेला किंवा वाकडा दिसतो.
- 'कट्' आवाज होऊन टाचेच्या मागे कळ आली आणि चवड्यावर उभं राहता येत नाही.
- सांधा लाल, गरम झाला आहे आणि ताप आहे.
- एकाच पायाची पिंढरी सुजून दुखते, विशेषतः बरेच दिवस अंथरुणात असल्यावर.
- रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि कारण नसताना वजन कमी होणं.

कुणाकडे जावं?

फिजिओथेरपिस्टकडे किमान बीपीटी ही पदवी हवी. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका. मालीश करणारा किंवा आठवड्याचा कोर्स केलेला माणूस फिजिओथेरपिस्ट नसतो.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं 'सिव्हिल', आहे. केसपेपर काढून हाडांच्या ओपीडीत दाखवा आणि पुढच्या उपचारांबद्दल तिथंच विचारा. कामावर ईएसआयची कपात होत असेल तर कामगार विमा रुग्णालयाचा हक्क तुम्हाला आहे.

रोज येणं परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. "आठवड्यातून एकदाच येऊ शकते, घरी करायचे व्यायाम द्या" असं म्हणायला काहीच हरकत नाही. मोबाइलवर व्यायामाचा व्हिडिओ काढून घ्या. रोज करंट घेऊन घरी काहीच न करण्यापेक्षा आठवड्याला एक भेट आणि घरी रोज पंधरा मिनिटं व्यायाम हे कधीही चांगलं.

थोडक्यात

- ताज्या दुखापतीला चोळू नका, शेकू नका.
- एक-दोन दिवस जपा, मग हळूहळू हलवा.
- मशीननं दुखणं तात्पुरतं कमी होतं, ताकद व्यायामानंच येते.
- दुसऱ्या दिवशी सकाळचं दुखणं पाहून भार ठरवा.
- तुमचं काम काय आहे, ते फिजिओथेरपिस्टला सविस्तर सांगा. उपचार त्या कामासाठीच करायचे आहेत.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या दुखण्याची तपासणी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून नक्की करून घ्या.